वरच्या मजल्यावरचा सेल्समन

डेट्रॉईट म्हणजे अमेरिकेचे मोटारींचे शहर. दक्षिणेकडच्या शेतांतून पोटासाठी आलेले हजारो कृष्णवर्णीय तिथल्या कारखान्यांत राबले. भट्टीपाशी, रंगखात्यात, जिथे घाम आणि धूर जास्त तिथे त्यांना उभे केले जाई. पण त्यांच्या हातून तयार झालेली गाडी विकण्याचे दुकान मात्र गोऱ्याचे!

एडवर्ड डेव्हिस या तरुणाचा जन्म १९११ साली लुईझियाना राज्यातला. डेट्रॉईटला येऊन तो शिकला, कारखान्यात कामाला लागला आणि पुढे डेट्रॉईटला लागूनच असलेल्या हायलंड पार्कमध्ये एका मोटार एजन्सीत सेल्समन झाला. नोकरी मिळाली खरी, पण शोरूममध्ये आमच्याबरोबर हा नको, असे गोऱ्या सेल्समननी सांगितले. मालकाने त्याला काढले नाही. त्याचे टेबल तेवढे वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवले. खाली झगमगाट, वर डेव्हिस. पण झाले उलटेच. कारखान्यात दोन पैसे मिळवणारे काळे कामगार त्या खोलीचा जिना चढू लागले. त्यांना गाडी हवी होती आणि 'साहेब' म्हणून बोलणारा माणूसही हवा होता.

डेव्हिसने मग जुन्या गाड्यांचा स्वतःचा धंदा काढला आणि १९४० साली स्टुडबेकर कंपनीची एजन्सी मिळवली. इथे थोडा हिशेब समजून घेऊ. मोटार एजन्सी म्हणजे नुसती दुकानाची जागा नव्हे. आधी कंपनीने परवाना द्यायला हवा. मग दुकानात उभ्या असलेल्या एकेका गाडीवर बँकेचे कर्ज असते, गाडी विकली की ते फेडायचे. न विकली तर व्याज चढत राहते. म्हणजे कंपनी आणि बँक, दोघांचा विश्वास लागतो. काळ्या माणसाला घरासाठीही कर्ज मिळणे मुश्कील, तिथे चाळीस-पन्नास गाड्यांचा माल कोण उधार देणार? भांडवल नाही म्हणून ही माणसे धंद्यात मागे, असे म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

त्यात दुसरे महायुद्ध. १९४२ च्या फेब्रुवारीत खासगी मोटारींचे उत्पादनच बंद झाले. तेही दिवस डेव्हिसने काढले. पण पुढे स्टुडबेकर कंपनीच डबघाईला आली आणि १९५६ साली त्याला एजन्सी बंद करावी लागली. दोष ना त्याचा, ना गिऱ्हाइकाचा.

१९६३ साली क्रायसलर कंपनीने त्याला एजन्सी दिली. तीन बड्या कंपन्यांपैकी एकीची एजन्सी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. परंतु जुलै १९६७ मध्ये डेट्रॉईट पेटले. पोलिसांच्या धाडीवरून सुरू झालेल्या दंगलीत ४३ माणसे मेली. १९७१ साली डेव्हिसने एजन्सी बंद केली आणि नंतर शहराच्या बसखात्याचा कारभार पाहिला.

तोवर दुसरे एक घर या धंद्यात उतरले होते. कॉन्यर्स कुटुंबाचे वडील मोटार कामगारांच्या युनियनचे कार्यकर्ते. थोरले चिरंजीव जॉन १९६५ पासून अमेरिकेच्या संसदेत. (बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्यांच्याच डेट्रॉईट कार्यालयात १९८८ पर्यंत नोकरीला होत्या.) धाकटे नेथन वकील. या भावांनी १९७० साली डेट्रॉईटमध्ये फोर्डची एजन्सी उघडली. दंगलीनंतर लोक शहर सोडून उपनगरांकडे निघाले होते, आणि नेथन कॉन्यर्स शहरातच दुकान मांडून बसले! वकिलाने मोटारी विकायच्या म्हणून काहींना नवल वाटलेही असेल. पण ती एजन्सी तीस वर्षांहून अधिक चालली. युनियनच्या कार्यकर्त्याच्या घरात फोर्डची पाटी लागली, हे मला विशेष वाटते.

आज ती एजन्सी नाही. डेव्हिस यांनी १९७९ साली आत्मचरित्र लिहिले. १९९९ साली ते वारले. मोटार उद्योगातल्या मानकऱ्यांचे एक दालन डेट्रॉईटशेजारच्या डिअरबॉर्न गावी आहे. तिथल्या यादीत, हेन्री फोर्ड यांच्याबरोबर, वरच्या मजल्यावर बसवलेल्या या सेल्समनचेही नाव आहे.