तैलाभ्यंग आणि टेन्स: क्रम चुकला की चटका

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मागावर तासन्‌तास उभे राहून काम करणारे कटिशूल, मन्यास्तंभ व अवबाहुक यांचे रुग्ण आमच्याकडे नित्य येतात. स्नेहन-स्वेदनास जोड म्हणून वेदनाशमनार्थ आम्ही टेन्स यंत्र वापरतो. एका रुग्णाने मात्र ‘मुंग्या डसतात’ म्हणून दुसऱ्याच दिवशी पट्ट्या काढायला लावल्या. यंत्र निर्दोष होते. चूक आमच्या क्रमात होती. कटीवर नुकताच तैलाभ्यंग झाला होता.

तेल हे विजेचे दुर्वाहक आहे. तेलकट त्वचेवर पट्टी सर्वत्र सारखी चिकटत नाही आणि सारा प्रवाह थोड्याशा जागेतून शिरतो. ५ सें.मी. बाजूच्या चौरस पट्टीचे क्षेत्रफळ २५ चौ.सें.मी. असते, तिचा चतुर्थांशच टेकला, तर तेवढ्याच प्रवाहाची घनता तेथे चौपट होते. चटका बसतो तो यामुळे. वाळलेली जेल व उचललेली कड यांचाही परिणाम हाच.

म्हणून आधी टेन्स व नंतर अभ्यंग, हा क्रम ठेवावा. अभ्यंग आधी झालाच असेल, तर सौम्य साबण व कोमट पाण्याने त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी. दाट केस कात्रीने कापावेत. वस्तरा फिरवू नये.

‘करंट जितका जास्त तितका गुण अधिक’ हा रुग्णांचा समज दूर करावा. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्पर्शवाही तंतू उत्तेजित झाले की वेदनेचा मार्ग रोखला जातो. त्यासाठी रुग्णाने कळ सोसण्याचे कारण नाही. ८० ते १०० हर्ट्झ वारंवारता ठेवून तीव्रता शून्यापासून हळूहळू वाढवावी. स्पष्ट पण सुखद झिणझिण्या येताच थांबावे. शक्य तेथे बटण रुग्णाच्याच हाती द्यावे. पट्टी काढण्यापूर्वी तीव्रता पुन्हा शून्यावर आणावी.

मधुमेही रुग्णाची स्पर्शसंवेदना आधी तपासावी. बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि व्रण होतो. पेसमेकर असलेल्यांस ही चिकित्सा देऊ नये. गर्भवतीचे उदर व कटी, गळ्याचा पुढचा भाग आणि जखम ही स्थाने वर्ज्य समजावीत.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. वेदनाहर तेल आणि टेन्स यंत्र एकाच ग्राहकाच्या पिशवीत जात असेल, तर ‘पट्टी आधी, तेल नंतर’ एवढे चार शब्द अवश्य सांगावेत. चटक्याला भिऊन उपचार सोडलेला रुग्ण सहसा परत येत नाही.