मांड, तोल आणि ताठ पाठ

मुंबईतल्या साकीनाक्यात घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. खैरानी रोडच्या गल्ल्यांत किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये तो एरवी येणार तरी कशाला? त्यामुळे घोड्यावर बसण्याबद्दलच्या आपल्या कल्पना दोन ठिकाणांहून येतात, चौकातल्या अश्वारूढ पुतळ्यांवरून आणि माथेरान-महाबळेश्वरच्या सहलींवरून. पुतळा पाहून वाटते की चांगला स्वार ताठ आणि निश्चल असतो. सहलीत कळते की घट्ट धरून बसले म्हणजे पडत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईवडिलांना कुणी ‘हॉर्स थेरपी करून बघा’ असे सुचवले की या दोन्ही कल्पना मनात येतात, आणि मग मूल घोड्यावर किती ताठ आणि किती वेळ बसले यावरच प्रगती मोजली जाते. खरे तर दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे. तोल म्हणजे न हलणे, असे आपण धरून चालतो. उपचारासाठीच्या घोडेस्वारीत बरोबर उलटे असते. मूल जितके बारीक बारीक हलेल आणि पुन्हा मध्यावर येईल, तितके त्याच्या तोलावर काम होते.

घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याचे चारही पाय वेगवेगळ्या वेळी जमिनीला लागतात. मागचा डावा पाय पुढे जाताना पाठीची डावी बाजू किंचित खाली जाते, मग उजवी. पाठीवर बसलेल्या माणसाचे कंबरेचे हाड यामुळे पुढेमागे, वरखाली आणि डावीउजवीकडे हलते, थोडे वळतेही. आपण स्वतः चालतो तेव्हा कंबरेची हालचाल जवळपास अशीच होते. म्हणूनच कधीही नीट न चाललेल्या मुलाच्या कंबरेला आणि धडाला चालण्याची लय घोड्यावर बसून मिळू शकते. मध्यम आकाराच्या घोड्याची मिनिटाला साधारण शंभर पावले धरली तरी वीस मिनिटांत दोन हजार वेळा तोल जरासा ढळतो आणि सावरावा लागतो. भौतिकोपचाराच्या खोलीत एवढी पुनरावृत्ती, तीही कंटाळा न येता, मिळवणे अवघड असते. दुडक्या चालीत हा फायदा उरत नाही. तिथे पाय जोडीजोडीने पडतात, धक्के बसतात आणि कच्चा तोल असलेले मूल अंग आखडून घेते. त्यामुळे ‘जरा पळवा ना घोडा, त्याला मजा येईल’ ही मागणी मजेपुरती ठीक, उपचारापुरती नाही.

ताठ बसण्याचे काय? कानाची पाळी, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यावीत, हा घोडेस्वारीचा जुना नियम खराच आहे. पण ती रेषा हालचालीतून साधायची असते, अंग गोठवून नव्हे. गर्दी नसलेल्या लोकलमध्ये काहीही न धरता उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. ब्रेक लागल्यावर टिकतो तो गुडघे सैल सोडलेला. खांबासारखा उभा असलेला दुसऱ्याच्या अंगावर जातो. घोड्यावर गुडघ्यांचे हे काम कंबरेकडे येते. पुष्कळ मुले बसतात तेव्हा कंबरेचे हाड मागे कलंडलेले असते, भार बैठकीच्या हाडांऐवजी माकडहाडाकडे जातो आणि पाठीला पोक येतो. अशा मुलाला ‘ताठ बस’ म्हटले की ते खांदे मागे खेचते, छाती पुढे काढते, हनुवटी वर करते. कंबर होती तिथेच राहते, फोटो मात्र छान येतो. जाणकार थेरपिस्ट म्हणून ‘ताठ बस’ असे फारसे म्हणत नाही. तो घोडा थांबवतो आणि पुन्हा चालवतो. घोडा निघताना धड मागे जाते, थांबताना पुढे येते, वळताना बाहेरच्या बाजूला ओढले जाते, आणि या प्रत्येक वेळी मुलाला कंबरेतून उत्तर द्यावे लागते.

मांडी घट्ट आवळून बसावे, हा सल्ला तर या मुलांच्या बाबतीत घातकच म्हणायला हवा. स्नायूंत ताठरपणा असलेल्या अनेक मुलांच्या मांड्या आधीच एकमेकींकडे ओढल्या जातात. त्या आणखी आवळल्या की शरीर वर उचलले जाते, बैठक उथळ होते आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. पक्की मांड ती, जी वजनाने खाली बसते. रुंद पाठीवर पाय फाकून बसल्याने आतले स्नायू हळूहळू ताणले जातात, आणि माणसापेक्षा जवळजवळ एक अंश अधिक असलेली घोड्याच्या अंगाची ऊब त्यांना सैल व्हायला मदत करते असे मानले जाते. ही ऊब मिळावी म्हणून खोगिराऐवजी पुष्कळदा नुसती जाड गादी आणि धरायला कडी असलेला पट्टा वापरतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४मध्ये पोलिओ झाला, तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक जिंकले. मग घोडा आजार बरा करतो, हेच सिद्ध झाले ना? नाही. हार्टेल यांचे पाय गुडघ्याखाली लुळेच राहिले. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना मदत लागे. आजारापूर्वीच त्या तयार स्वार होत्या, आणि गेलेल्या पायांचे काम त्यांनी कंबरेकडून आणि वजनाच्या सूक्ष्म बदलांकडून करून घेतले. त्यांच्या उदाहरणातून बैठकीची ताकद दिसते, पोलिओवरचा इलाज नव्हे. उपचार म्हणून घोडेस्वारीला युरोपात चालना मिळाली त्यात त्यांच्या पदकाचा मोठा वाटा आहे, पण चमत्काराची अपेक्षाही तिथूनच पसरली असावी.

संशोधन काय सांगते ते पाहिले तर चित्र अधिक संयत आहे. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या पंधरा मुलांपैकी काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर आणि काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर बसवले. घोड्यावरच्या मुलांत दोन्ही बाजूंच्या स्नायूंचे काम अधिक समतोल झाले, पिंपावरच्यांत तसा बदल दिसला नाही. म्हणजे नुसते पाय फाकून बसणे पुरत नाही, हालचाल लागते. पण २००९च्या ऑस्ट्रेलियातल्या ९९ मुलांच्या चाचणीत घोडेस्वारीच्या कार्यक्रमानंतर मुलांच्या हालचालींच्या क्षमतेत किंवा जीवनमानात ठळक फरक आढळला नाही. उलट २०१५च्या कोरियातल्या चाचणीत, आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्धा तास अशा उपचारानंतर हालचाल आणि तोल दोन्ही सुधारले. हे निष्कर्ष एकमेकांना खोडून काढतात असे मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियात तपासली गेली ती उपचारात्मक घोडेस्वारी, म्हणजे स्वारीचा वर्ग. कोरियात थेरपिस्टच्या हाताखाली घोड्याची चाल उपचाराचे साधन म्हणून वापरली होती. नाव सारखे वाटले तरी काम वेगळे. शिवाय आठवड्याला तासभर उपचार मिळून उरलेले सगळे तास मूल पोक काढून सोफ्यावर बसत असेल, तर परिणाम टिकण्याची आशा कशी करावी?

घोडा प्रेमळ आणि शांत असला म्हणजे सगळ्यांना सुरक्षित, हा समज मात्र लगेच टाकून द्यावा. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा निसटलेला किंवा निसटू लागलेला असू शकतो; बसवण्याआधी एक्स-रे पाहिलेला बरा. डाउन सिंड्रोम असलेल्यांत मानेच्या वरच्या मणक्यांची अस्थिरता तपासावी लागते. आटोक्यात नसलेले झटके, पाठीच्या कण्याचा तीव्र बाक, ठिसूळ हाडे, बसण्याच्या जागी झालेली जखम, ही ‘आत्ता नको’ म्हणण्याची कारणे आहेत. हेल्मेट लागतेच. घोडा धरणारा एक आणि दोन्ही बाजूंनी चालणारे दोघे, असे तीन मदतनीस सुरुवातीला असावेत. माथेरानच्या फेरीला एकाच्या हाती लगाम आणि खाली खडकाळ उतार असतो; सहल म्हणून ती आनंदाची असेल, तोलाचे प्रशिक्षण ती नव्हे.

साकीनाक्याच्या घरातून हे सारे जमते का, हा खरा प्रश्न. महालक्ष्मीला १८८३पासून रेसकोर्स आहे, तिथे ॲमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, आणि शेजारीच हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक पुनर्वसनाची जुनी संस्था, १९५५पासूनची. पण मेट्रोने अंधेरी, मग लोकल, मग टॅक्सी अशा प्रवासानंतर मूल दमून पोहोचले, तर त्याची कंबर उत्तर देण्याच्या स्थितीत नसते. त्यामुळे आधी भौतिकोपचारतज्ज्ञाशी बोलून बसण्याचे एकच नेमके उद्दिष्ट ठरवावे. मोठ्या चेंडूवर बसून तोल सावरण्याचा सराव घराजवळच्या केंद्रातही होतो, जरी चेंडूला घोड्याची लय नसते. घोड्याकडे जायचे ठरलेच तर तिथे विचारावे की उपचार कोण ठरवतो, प्रशिक्षक की थेरपिस्ट, आणि उद्दिष्ट कुठे लिहून ठेवतात. महिन्यातून एकदा मागून मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, नेहमी त्याच उंचीवरून: दोन्ही बैठकीच्या हाडांवर भार सारखा आहे का, आणि घोडा थांबल्यावर डोके पुन्हा मध्यावर यायला किती वेळ लागतो.