भिंगाचा भाव

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवावयाचे जे कृत्रिम भिंग हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये प्रथम वापरले, ते चार दशकांनंतरही भारतात परदेशातूनच येत असे व त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असल्यामुळे शिबिरातील गरीब रुग्णाची बोळवण बहुधा जाड काचांच्या चष्म्यावर होई. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या प्रेरणेने निघालेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून तेच भिंग येथे घडवून सुमारे दहा डॉलरला उपलब्ध केले, आणि आज शंभराहून अधिक देश त्याचे गिऱ्हाईक आहेत. सहा मिलिमीटर व्यासाची एक पारदर्शक चकती, तिच्या दोन बाजूंस केसासारखे वाकडे पाय, ऐवज एवढाच!

यंत्रांच्या बाबतीत मात्र असे स्वावलंबन अद्याप साधलेले नाही. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडणारे फेको यंत्र आणि दृष्टिपटलाचे थर दाखविणारे ओसीटी यांची भिस्त अजून मुख्यतः अमेरिकन, जर्मन व जपानी मालावर आहे. मधुमेहाच्या फैलावामुळे मागणी वाढते आहे ती दृष्टिपटलाच्या छायाचित्रणाची. तेथे बंगळूरच्या उद्योजकांनी सुटसुटीत, स्वस्त कॅमेरे बाजारात आणले आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या परवान्यांची स्वतंत्र नियमावली २०१८ च्या १ जानेवारीस अंमलात आली, हे या व्यापाराचे वय पाहता उशिराच म्हणावे लागेल.