कोल्हापुरी चपलेचा परदेशी भाव

चपलेचा भाव धरताना कातडे, वेणी, शिलाई आणि मजुरी एवढाच हिशेब कोल्हापूरच्या बाजारात पुरतो. मात्र तोच जोड इंटरनेटवरून बर्लिनच्या ग्राहकाला विकायचा झाल्यास वाहतूक, तिथला कर आणि माल परत येण्याचा धोका हे खर्च किमतीत आधीच बसवावे लागतात, आणि त्यांपैकी वाहतुकीचा खर्च सर्वांत फसवा ठरतो.

हवाई कुरिअर कंपन्या काट्यावरचे वजन व आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लावतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5000 ने भागले की आकारमानी वजन किलोमध्ये मिळते. समजा, 900 ग्रॅमचे पार्सल 32 × 25 × 12 सेंटिमीटरच्या खोक्यात पाठवले, तर भाडे 1.92 किलोवर पडते. त्याच चपला टाच-पंजा उलटसुलट ठेवून, पट्टे बेताने दाबून 32 × 20 × 7.5 च्या खोक्यात बसवल्या, तर ते 0.96 किलोवर येते. कारागिराच्या मजुरीला हात न लावता भाव कमी करण्याचा याहून न्याय्य मार्ग नाही.

परवान्यांपैकी परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी, ऑनलाइन मिळतो. जीएसटी नोंदणी असलेल्याने हमीपत्र भरून ठेवले की निर्यातीवर तो कर आधी भरावा लागत नाही. खरी अडचण पलीकडच्या बंदरात येते, कारण अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून थांबवली असून, शुल्क कोण भरणार हे विक्रीच्या वेळीच स्पष्ट नसेल, तर दाराशी पैसे मागितले जाताच ग्राहक पार्सल नाकारतो आणि परतीचे भाडे विक्रेत्याच्या अंगावर पडते.

‘कोल्हापुरी’ या नावाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, ते महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांपुरते आहे. ते अधिकृतपणे वापरायचे तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे त्वचेला अपाय करणारे क्रोमियमचे रूप, किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या खालीच असावे लागते. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्यात क्रोमियम घातलेच जात नसल्याने प्रयोगशाळेचा तसा दाखला जोडणे कारागिराला अवघड नाही, आणि परक्या ग्राहकापुढे तो कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक वजनदार ठरतो.