काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वीज गेली की कारखान्यांचे डिझेल जनरेटर धडधडू लागतात. त्यांचं नवं ऑइल थोड्याच तासांत काळं पडतं. त्यात वावगं काही नाही. पिस्टन रिंगांच्या फटीतून उतरलेली काजळी ऑइलमधली रसायनं तरंगत ठेवतात, साचू देत नाहीत. म्हणून रंग नव्हे, तासांचं मीटर बघावं. अनेक इंजिनांना २५० तासांची मुदत असते. जनरेटर कमी चालला तरी ओलावा आणि आम्ल साठतंच, त्यामुळे वर्षातून एकदा ऑइल बदलावं. इंजिन जरा तापवून, बंद करून ऑइल काढलं की काजळीही वाहून येते. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट फिरवून तो हातानेच आवळावा. बोटीतल्या डिझेल इंजिनाखाली मात्र ऑइल काढायचा ट्रे सरकवायला बहुधा जागा नसते. तिथे डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढतात. जुनं ऑइल हा घातक कचरा. ते गटारात न ओतता परवानाधारक रिसायकलरकडेच द्यावं.