नांवांतला देव

मुंबईंतील बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं उभें राहिलें. तें बांधविणारे गृहस्थ लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून प्रसिद्ध होते. हिब्रूंत हींच नांवें शेमूएल आणि येहेझ्केल अशीं आहेत.

हिब्रूंत ‘एल्’ म्हणजे देव. शेमूएल म्हणजे ‘देवाचें नांव’, येहेझ्केल म्हणजे ‘देव बळ देतो’. नथानिएल म्हणजे ‘देवानें दिलेला’, अर्थात् आपला देवदत्तच!

कोंकणांतील बोलण्यांत या नांवांतला ‘एल्’ गळाला आणि त्याच्या जागीं आदराचा ‘जी’ आला. देव गेला व मान राहिला, असें वरवर दिसतें. परंतु नांवाची घडण मोडली नाहीं. ‘अमक्याचा पुत्र अमका’ ही हिब्रू रीत, आणि आपल्या नांवापुढें पित्याचें नांव लावणें ही मराठी रीत. दोहोंचा मेळ सहज बसला. त्यांत दिवे गांवावरून दिवेकर हें आडनांव मिळालें.

प्रार्थनामंदिरांत धर्मग्रंथाच्या वाचनास पाचारण करतांना मात्र पुरुषाचें हिब्रू नांव पित्याच्या नांवासह उच्चारितात. बाजारांतला सामाजी तेथें शेमूएल होतो, आणि गळालेला देव नांवांत परत येतो.