सूर्य, लसूण आणि उंबरठा

व्हॅम्पायर म्हटलं की काळा झगा, पांढराफटक चेहरा आणि दोन सुळे डोळ्यांसमोर येतात. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येव्हो गावाने ज्याची धास्ती घेतली, तो मात्र असा मुळीच नव्हता. पेतार ब्लागोयेविच हा त्याच गावचा शेतकरी. तो वारला आणि पुढच्या आठ दिवसांत आणखी नऊ जण दगावले. रात्री पेतार येऊन आपला गळा दाबून गेला, असं त्यांनी मरण्याआधी सांगितलं होतं. गावकऱ्यांनी थडगं उघडलं, तेव्हा ऑस्ट्रियाचा एक अधिकारी तिथे हजर होता. प्रेत कुजलेलं नाही, तोंडाशी ताजं रक्त आहे, अशी नोंद त्याने केली. लोकांनी छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळून टाकलं. कुजताना पोटात वायू साठून शरीर फुगतं, लालसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो, कातडी आक्रसल्याने नखं वाढल्यासारखी दिसतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा गावाला एकामागून एक होणाऱ्या मृत्यूंचं कारण हवं होतं, आणि ते थडग्यात सापडलं.

या फुगलेल्या, तांबूस प्रेताला सरदारी थाट दिला तो साहित्याने. कवी बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याने १८१९ मध्ये आपल्या कथेत व्हॅम्पायरला लॉर्ड करून लंडनच्या दिवाणखान्यात आणलं. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने आरसा, लसूण, क्रूस आणि आमंत्रण हे सगळे नियम एका जागी बांधले. पण स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये भरदिवसा हिंडतो. दिवसा त्याची शक्ती आटते, एवढंच. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नाहीसा होतो, हे रूढ झालं ते १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटापासून. परवानगी न घेता कादंबरी वापरली म्हणून स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर तो नियमही वाचला. ज्याला आपण अनादी परंपरा समजतो, तो नियम जेमतेम शंभर वर्षांचा आहे.

म्हणून आधुनिक लेखकाने नियम मोडला की परंपरा बुडाली, ही ओरड मला पटत नाही. विचारायचं ते असं, की मोडलेल्या नियमाच्या जागी त्याने काय ठेवलं?

रिचर्ड मॅथेसनने १९५४ च्या ‘आय अ‍ॅम लेजंड’मध्ये ठेवलं विज्ञान. माणसांना व्हॅम्पायर करणाऱ्या साथीनंतर एकटाच उरलेला रॉबर्ट नेव्हिल ग्रंथालयातून पुस्तकं आणतो, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासतो आणि त्याला जिवाणू सापडतो. क्रूसाचं कोडंही तो सोडवतो. त्याच्या व्हॅम्पायर झालेल्या ज्यू शेजाऱ्यावर क्रूसाचा काही परिणाम होत नाही, पण तोराह दाखवताच तो हादरतो. म्हणजे ताकद वस्तूत नाही, ती पाहणाऱ्याच्या श्रद्धेत आहे. शेवटी नव्या जगाच्या नजरेत राक्षस ठरतो तो नेव्हिलच.

अ‍ॅन राइसने क्रूस आणि लसूण दोन्ही बाजूला सारले. ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ (१९७६) मधल्या लुईला या दोन्हींचं भय उरत नाही, उरतो तो अपराधभाव. अमरत्वाची खरी शिक्षा भोगते ती क्लॉडिया: मन प्रौढ स्त्रीचं, देह कायमचा पाच वर्षांच्या मुलीचा. राइसची स्वतःची मुलगी १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली होती. हे ठाऊक असेल तर ती पानं वाचवत नाहीत.

ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘फ्लेजलिंग’ (२००५) मध्ये सूर्याचा नियमच वंशवादाचा प्रश्न होऊन येतो. शोरी या नायिकेच्या कृष्णवर्णाचं मूळ मानवी जनुकांत आहे आणि त्यामुळेच ती दिवसा वावरू शकते. तिच्या जमातीला याहून मोठं वरदान कोणतं? तरीही रक्ताच्या शुद्धतेने पछाडलेले तिचेच लोक तिच्या जिवावर उठतात.

सगळ्यांत समृद्ध नियम मला वाटतो तो आमंत्रणाचा, म्हणजेच उंबरठ्याचा. यॉन आयविदे लिंडक्विस्टच्या स्वीडिश कादंबरीवरचा ‘लेट द राइट वन इन’ (२००८) हा चित्रपट पाहा. आमंत्रणाशिवाय आत आलीस तर काय होईल, म्हणून ऑस्कर हा मुलगा व्हॅम्पायर असलेल्या एलीला डिवचतो. ती आत येते, उभी राहते आणि तिच्या अंगातून रक्त पाझरू लागतं. घाबरून तो तिला ‘ये’ म्हणतो. राक्षसाला रोखणारा नियम इथे दोन एकाकी मुलांमधला विश्वास होतो. रायन कूगलरच्या ‘सिनर्स’ (२०२५) या चित्रपटात १९३२ च्या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याबजावण्याच्या ठिकाणाबाहेर व्हॅम्पायर उभे राहतात आणि बंधुभावाचं वचन देतात. समानता मिळेल, पण त्यासाठी स्वतःचं वेगळेपण सोडावं लागेल. दार उघडायचं की नाही, हा प्रश्न तिथे अख्ख्या समाजाचा होतो.

मोडलेल्या नियमाच्या जागी काय ठेवलं, या कसोटीवर ‘ट्वायलाइट’ (२००५) ही कादंबरी मला उणी वाटते. तिथे उन्हात व्हॅम्पायरची त्वचा चमकते. त्यांना दिवसा लोकांपासून लपावं लागतं हे खरं, पण सतत ढगाळ असलेल्या गावात तेवढं सहज निभतं. नायकाला त्या उन्हासाठी फारसं काही गमवावं लागत नाही. चमकण्याला माझी हरकत नाही, ते फुकटात मिळतं याला आहे. नेव्हिल, क्लॉडिया, शोरी आणि एली यांच्या गोष्टीत मात्र बदललेल्या प्रत्येक नियमाची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. व्हॅम्पायर नव्याने घडवू पाहणाऱ्या लेखकाने एवढा हिशेब चोख ठेवला, तर त्याने हवा तो नियम खुशाल मोडावा.